गोव्याची डिझेल गाडी जानेवारीत स्पितीला न्यायची असेल तर

तुम्ही विचारलंय की म्हापशाहून डिझेल एसयूव्ही घेऊन जानेवारीत मनाली-केलांगमार्गे हिमाचलमधल्या स्पितीतल्या काझ्याला जायचं आहे, उणे वीस अंशांमध्ये पहाटे गाडी सुरू होईल का, आणि डिझेलात रॉकेल मिसळायचा सल्ला ऐकावा का.

रॉकेल मिसळू नका. कॉमन रेल गाडीच्या, म्हणजे एकाच सामायिक नळीतून (रेलमधून) सगळ्या इंजेक्टरना जोरात डिझेल देणाऱ्या आजच्या गाड्यांच्या, हाय प्रेशर पंपाला वंगण मिळतं ते डिझेलमधूनच, वेगळं ऑइल तिथे नसतं, आणि रॉकेल डिझेलपेक्षा बरंच कोरडं असतं. मी फोंड्याला पंप-नोझलचं काम करतो. घासलेला पंप उघडला की आत बारीक चंदेरी पूड दिसते. ती पूड पुढे रेलमध्ये आणि इंजेक्टरमध्ये गेलेली असते, म्हणजे एकटा पंप बदलून भागत नाही. जुन्या जीपवाल्यांचा सल्ला जुन्या जीपसाठी होता.

रस्त्याचंही आधीच सांगतो. मनालीहून अटल बोगद्यातून सिस्सू, केलांगपर्यंत हिवाळ्यात रस्ता उघडा असेल तेव्हा जाता येतं, पण काझ्याकडे जाणारा रस्ता केलांगच्या आधीच वेगळा फुटतो आणि त्यावरचा कुंझुम घाट बर्फाने बंद असतो. जानेवारीत काझ्याला जायचं तर शिमला, रेकाँग पिओ, नाको असंच जावं लागेल.

आता गाडी सुरू होण्याबद्दल. सगळे हिटर प्लगबद्दल (सुरू करताना इंजिन आतून तापवणारी कॉइल) बोलतात, पण आपल्याकडून गेलेली गाडी बहुतेक वेळा अडते ती डिझेल फिल्टरपाशी. डिझेलमध्ये मेण असतं. थंडी वाढली की त्याचे कण धरायला लागतात, आधी डिझेल गढूळ दिसतं, मग ते कण फिल्टरच्या कागदावर बसून वाट बंद करतात. थंडीत आपल्या घरातली खोबरेल तेलाची बाटली जशी धरते, तसाच प्रकार. भारतीय मानकानुसार डिझेल किती तापमानापर्यंत फिल्टरमधून गेलं पाहिजे याची मर्यादा उन्हाळ्यात १८ अंश आणि हिवाळ्यात ६ अंश आहे. प्रत्यक्षात ते याहून खालीही चालतं, पण उणे वीससाठी ते बनवलेलंच नाही. म्हणूनच इंडियन ऑइलने २०१९च्या नोव्हेंबरात लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं खास डिझेल काढलं.

त्यामुळे इथलं किंवा वाटेतल्या मैदानी भागातलं डिझेल टाकीत घेऊन वर चढू नका. रेकाँग पिओच्या आसपास पोचताना टाकी पाव-एक असू द्या, तिथल्या पंपावर हिवाळ्याचं डिझेल आहे का ते विचारून फुल करा, आणि लगेच हॉटेलात गाडी लावू नका. दहा-पंधरा किलोमीटर चालवा. टाकीत नवं डिझेल आलं तरी पाइपात आणि फिल्टरमध्ये जुनंच असतं, आणि रात्री धरतं ते तेच. काझ्याला पुन्हा भरा. बाटलीतलं अँटी-जेल अॅडिटिव्ह टाकणार असाल तर थंडी लागायच्या आधी टाका, एकदा धरलेलं मेण ते विरघळवत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या हवेची. चार महिने पावसाची दमट हवा, अर्धी टाकी, आत पाणी धरतं आणि ते फिल्टरच्या तळाशी साचतं. इथे एखादा चमचा पाणी राहिलं तर कदाचित कळणारही नाही. तिथे मात्र ते शून्यालाच बर्फ होतं, मेण धरायची वाट बघत नाही. निघायच्या आधी फिल्टरखालचा ड्रेन स्क्रू सैल करून थोडं डिझेल काचेच्या बरणीत काढायला सांगा आणि बरणी पाच मिनिटं हलवू नका. पाणी असेल तर तळाशी वेगळा थर दिसतो, वरच्या डिझेलपासून स्पष्ट रेघेने तुटलेला. मी तर म्हणेन फिल्टर नवाच घाला आणि एक जादा गाडीत ठेवा.

कूलंट तपासा. आपल्याकडे पाणी गोठत नाही म्हणून वर्षानुवर्षं नुसत्या नळाच्या पाण्याने टॉप-अप केलेल्या गाड्या मी रोज बघतो. पाणी गोठताना फुगतं आणि ब्लॉकला तडा जाऊ शकतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं असेल तर साधारण उणे ३५पर्यंत काळजी नाही. इंजिन ऑइल १५डब्ल्यू-४० असेल तर मॅन्युअल बघून, चालत असेल तर थंडीत पातळ राहणारं ५डब्ल्यू-३० घाला. कडक थंडीत बॅटरीची ताकद जवळपास निम्मी होते, म्हणून तीन-चार वर्षांची बॅटरी असेल तर बदलूनच निघा. खाऱ्या हवेने टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरलेली असते, ती गरम पाण्याने धुऊन ग्रीस लावा. इथे तेवढ्यावरही सेल्फ फिरतो, तिथे नाही फिरणार.

पहाटे सुरू करताना लाइट, ब्लोअर सगळं बंद. चावी ऑन करा, मीटरवरचा हिटर प्लगचा (कॉइलचा) दिवा विझू द्या, चावी बंद करून पुन्हा ऑन करा, असं दोन-तीनदा. मग क्लच दाबून सेल्फ मारा, दहा सेकंदांहून जास्त नाही, मध्ये अर्धा मिनिट बॅटरीला विसावा. इथेच गाडी काय सांगते ते ऐका. सेल्फ जड, रडत फिरतोय तर बॅटरी किंवा ऑइल. झपाझप फिरतोय पण इंजिन पेटत नाही तर हिटर प्लग किंवा डिझेल. आणि सुरू होऊन दोन-चार मिनिटांत दम लागल्यासारखी बंद पडली तर फिल्टर मेणाने भरला. तेव्हा सेल्फ मारत राहू नका, धक्का मारूनही उपयोग नाही. फिल्टरवर गरम पाण्यात पिळलेली फडकी गुंडाळा किंवा ऊन चढेपर्यंत थांबा. टाकीखाली शेगडी लावून देणारे भेटतील. त्यांना नाही म्हणा. इंजिन पेटवायला हवेच्या वाटेत मारतात तो इथर स्प्रेही नको, तापलेल्या हिटर प्लगवर त्याचा भडका उडतो.

सुरू झाल्यावर मिनिट-दोन मिनिटं थांबून हळू चालवत गरम करा. अर्धा-अर्धा तास नुसती उभी ठेवलीत तर बीएस-६ गाडीचा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, चोंदतो. गाडीत डीईएफ (धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरतात ते युरियाचं द्रावण) असेल तर ते उणे ११लाच गोठतं, घाबरू नका, त्याच्या टाकीत हिटर असतो.

रात्री हँडब्रेक ओढू नका, ब्रेक शू चिकटतात. गियरमध्ये ठेवा, चाकांना दगड लावा आणि तोंड अशा बाजूला करा की सकाळचं ऊन बॉनेटवर येईल. आणि कितीही थंडी वाजली तरी इंजिन चालू ठेवून गाडीत झोपू नका. बर्फात सायलेन्सर बुजला तर धूर आत शिरतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.