नोकरी सांभाळून लोहारकाम शिकता येईल का? आणि त्यातून स्वावलंबी होता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पूर्णवेळ नोकरी, घरात दोन लहान मुलं, आठवड्याला जेमतेम तीन-चार तास मोकळे. त्यात लोहारकाम शिकायचंय आणि हळूहळू घरची, बागेची अवजारं स्वतः घडवून बाजारावर विसंबणं बंद करायचंय. भट्टी कोणती घ्यावी, सुरुवात कशापासून करावी, आणि एवढ्या वेळात हे होतं का?

लोहारकाम येईल. बाजारावर विसंबणं मात्र बंद होणार नाही, आणि ते आधीच मान्य केलंत तर पुढचा बराच वैताग वाचेल. मीही दिवसभर खुर्चीत बसून पोट भरणारा माणूस आहे, माझी भट्टी सुटीलाच पेटते. तेव्हा हे शहाणपण पूर्णवेळ कारागिराचं नाही, हौशी माणसाचं आहे.

लोहार हा स्वावलंबनाचा पुतळा आहे असं आपल्याला उगाच वाटत असतं. प्रत्यक्षात त्याच्याइतका दुसऱ्यांवर अवलंबून असलेला कारागीर शोधून सापडणार नाही. खनिजापासून लोखंड गाळणारे बहुधा वेगळे, कोळसा पाडणारे वेगळे; लोहाराच्या हातात यायचा तो तयार गज. नुसत्या कोळशाचा हिशेब करा. वाळलेल्या लाकडाच्या वजनाच्या चौथा-पाचवा हिस्सा कोळसा हाती लागतो, म्हणजे १०० किलो लाकूड जाळून २०–२५ किलो. तुमच्या आठवड्यातले चार तास लाकूड फोडण्यातच संपतील, ऐरणीपर्यंत पोचणारच नाही. खनिजापासून लोखंड काढायचं म्हटलं तर दिवसभर भट्टी राखायची, मदतीला माणसं हवीत, आणि शेवटी निघतो तो धातुमळी मिसळलेला सच्छिद्र गोळा. तो पुन्हा पुन्हा तापवून, ठोकून, त्यातली घाण बाहेर काढेपर्यंत वजन आणखी घटतं. एकदा हौस म्हणून जरूर करा, पण त्यावर घराची गरज भागवायला जाऊ नका.

मग हातात काय उरतं? दुरुस्ती. माझ्या मते कमी वेळ असलेल्या माणसाचं स्वावलंबन म्हणजे नवं घडवणं कमी आणि असलेलं चालू ठेवणं जास्त. आणि गंमत अशी की यातलं सगळ्यात उपयोगाचं काम भट्टीशिवायच होतं. घरातली कुदळ, फावडं, खुरपं, विळा काढून बघा. बहुतेक सगळं बोथट असेल, एखाद्याचा दांडा हलत असेल. एक चांगली कानस, एक पटाशी पकडून धरण्यापुरता शिकंजा (व्हाइस), एवढ्यावर सुरुवात होते. कानस पुढे जातानाच कापते, म्हणून मागे आणताना उचलायची. घासत आणली की दाते मरतात. दांडा बसवायचा तर लाकूड पुरतं वाळलेलं हवं आणि त्याचे रेषे टोकापासून टोकापर्यंत सरळ गेलेले हवेत. ओल्या लाकडाचा दांडा आज घट्ट बसतो आणि सुकला की निसटतो, मग त्यात कितीही पाचरा ठोका. तासाभरात चार अवजारं कामाची होतात. तोच तास भट्टीपुढे घालवलात तर सुरुवातीच्या काळात एखादा वाकडा आकडा हाती येईल. तो आकडाही करायचाच आहे, पण कोणता तास कशाला दिला हे स्वतःशी स्पष्ट असावं.

भट्टीबद्दल. तुमच्यासारख्याने गॅसची भट्टी घ्यावी असं मी म्हणेन, आणि ते माझ्या मनाविरुद्ध म्हणतोय, कारण मला स्वतःला कोळशाचा जाळ आवडतो. कोळशावर हवी तेवढीच जागा तापवता येते, मोठी वेडीवाकडी वस्तूही आत धरता येते. पण जाळ जमवायला वेळ, तो राखायला लक्ष, आणि काम संपल्यावर पूर्ण विझेपर्यंत तिथून हलता येत नाही. गॅसची भट्टी दहा-पंधरा मिनिटांत कामाला लागते आणि कळ फिरवली की बंद. ज्याच्याकडे दोनच तास आहेत त्याने अर्धा तास राखेत घालवू नये. दोन गोष्टी मात्र सांभाळा. गॅसच्या भट्टीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना वास ना रंग. बंद खोलीत ती पेटवायचीच नाही. आणि आतल्या सिरॅमिक लोकरीवर उष्णतारोधक सिमेंटचा लेप हवाच, नाहीतर तिचे बारीक तंतू फुफ्फुसात जातात.

फक्त करून बघायचं असेल तर तेही नको. मातीने भरलेली पेटी, तळाशी आडवा लोखंडी पाइप, त्याला केस वाळवायचं यंत्र, वर लाकडी कोळसा. एवढ्यात बोटभर जाडीचा गज पिवळा होतो. हौस टिकतेय का हे कळायला हे पुरे.

ऐरणीपायी लोक महिनोन्महिने अडून बसतात. शिंग असलेली, वाजणारी, जुनी ऐरण मिळेल तेव्हा मिळेल. तोवर भंगारातला कुठलाही जाड, भरीव पोलादी ठोकळा चालतो. रुळाचा तुकडा रीतसर मिळाला तर तो आडवा न ठेवता उभा गाडा, म्हणजे घावाखाली सगळं वजन येतं. आडवा ठेवला की मधल्या बारीक कंबरेमुळे उसळतो. उंची अशी ठेवा की सरळ उभं राहून मूठ खाली सोडली तर बोटांची पेरं वरच्या पृष्ठाला टेकतील. हातोडा किलोभर किंवा थोडा कमी. जड हातोड्याने काम लवकर होतं हा भ्रम आहे, कोपर मात्र लवकर जातं. मूठ सैल ठेवा. आणि ऐरण कणकणीत वाजत असेल तर तिच्याभोवती साखळी गुंडाळा किंवा बाजूला मोठं लोहचुंबक चिकटवा. शेजाऱ्यांशी संबंध बिघडून या छंदाचा अंत झालेला मी पाहिलाय.

सांडशीही लगेच नको. हातभर लांबीचा गज घ्या, एक टोक तापवा, दुसरं हातात धरा. वस्तू तयार झाली की छिन्नीवर तोडा.

पहिलं शिकायचं ते टोक काढणं. सोपं वाटतं, आणि इथेच बहुतेकांचं टोक फाटतं. गोल गजाला गोलच ठोकत गोल टोक काढायला गेलं की मधला भाग आतून सुटत जातो आणि शेवटी त्याच्या चिरफळ्या होतात. क्रम असा: आधी चौरस, चौरसातच हवं तेवढं निमुळतं करायचं, मग कोपरे मारून अष्टकोन, आणि सगळ्यात शेवटी हलक्या हाताने गोल. एक घाव, पाव वळसा, पुन्हा घाव. लोखंड पिवळं-नारिंगी असताना जोराचे घाव, ते लाल होत गेलं की सफाईचे, आणि मंद लाल दिसलं की मुकाट भट्टीत. त्याखाली मारलेला घाव मनगटाला कळतो, लोखंडाला नाही. याउलट, टोक जास्त तापवलंत आणि पोलादातून फुलबाजीसारख्या पांढऱ्या ठिणग्या उडायला लागल्या, तर तेवढा भाग जळाला. तो तोडून टाकायचा, दुरुस्त होत नाही. हे सगळं सावलीत करा. उन्हात रंग फिका दिसतो आणि माणूस हमखास जास्त तापवतो.

टोक आलं की आकडा येतो, टोचा येतो, खिळा येतो. खिळ्यांनी घराची गरज भागणार नाही, यंत्राचा खिळा आपल्या वेळेच्या मानाने फुकट आहे. पण रियाज म्हणून खिळ्यासारखी वस्तू नाही: टोक, खांदा, तोड, माथा, सगळं एका तापात बसवायचं.

आणि मग छिन्नी. माझ्या मते खरं लोहारकाम इथे सुरू होतं, कारण इथे आकारासोबत लोखंडाचा गुणही आपण ठरवतो. साध्या लोखंडी गजात कार्बन पाव टक्क्याच्या आत असतो, त्याला कितीही पाणी द्या, म्हणजे लाल तापवून एकदम बुडवा, तो कडक होत नाही. गाडीच्या कमानपाट्यात किंवा गुंडाळीच्या स्प्रिंगमध्ये साधारण अर्धा ते पाऊण टक्का असतो, तो होतो. भंगारातला तुकडा कसा आहे हे ग्राइंडरला लावून बघा: साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब आणि सरळ जातात, जास्त कार्बनच्या ठिणग्यांना टोकाशी फाटे फुटून फुलं येतात. बांधकामाच्या सळईचा भरवसा धरू नका, एकीत निघतं ते दुसरीत निघत नाही.

छिन्नी घडवून झाली, धारेचा कोन साधारण ६० अंशांचा घासून घेतला, की तिचं टोक तीन-चार बोटं तापवा. लोहचुंबक जवळ ठेवा. लोखंड साधारण ७७० अंश सेल्सिअसला चुंबकाला चिकटायचं सोडतं. त्याच्या किंचित वर गेलं की फक्त धारेकडचा बोटभर भाग तेलात बुडवा आणि वर-खाली हलवत राहा. स्प्रिंगचं पोलाद पाण्यात बुडवलं तर तडकायची भीती असते, म्हणून कोमट तेल. भांडं धातूचं आणि झाकणाचं, कारण तेल भडकू शकतं. आता टोक काचेसारखं कडक आणि तसंच ठिसूळ झालंय, पण मागचा दांडा अजून तापलेला आहे. लगेच धार पुसा, विटेच्या तुकड्याने किंवा पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा आणि बघत राहा. मागची उष्णता पुढे सरकते आणि चकाकीवर रंग चालायला लागतात: आधी गवती पिवळा, साधारण २२० अंशांना, मग तपकिरी, २८० च्या आसपास जांभळा, त्यामागे निळा. लोखंड तोडायची छिन्नी असेल तर जांभळा रंग धारेवर आला की पूर्ण तेलात. लाकडाची पटाशी असेल तर गवती रंगालाच थांबवायचं. हे सगळं काही मिनिटांत होतं, एका तापात, आणि ज्याने एकदा ते रंग चालताना पाहिले त्याला पुढे या छंदासाठी वेळ कसा काढू असं विचारावं लागत नाही.

सुरी, कोयता, कुऱ्हाड नंतर. लोक उलट करतात, पहिल्याच आठवड्यात सुरी करायला घेतात, आणि सगळ्या बारा भानगडी एकदम अंगावर येतात. तलवारीबद्दल तर बोलायलाच नको.

वेळेचं गणित असं बसवा. जाळाचं काम आणि थंड काम वेगळं काढा. कानस मारणं, मूठ बसवणं, पाजवणं, खडूने जमिनीवर खऱ्या मापाचं चित्र काढणं, गज कापून ठेवणं, हे सगळं रात्री मुलं झोपल्यावर अर्ध्या तासात होतं आणि आवाजही फारसा नाही. सुटीच्या दिवशी भट्टी पेटली की फक्त तापवायचं आणि ठोकायचं. स्प्रिंगचा तुकडा भोक पाडायला मऊ हवा असेल तर काम संपताना लाल करून कोरड्या राखेत पुरून ठेवा. रात्रभर सावकाश निवतो आणि दुसऱ्या दिवशी ड्रिलखाली आरामात जातो. ऐरण, भट्टी, पाण्याची बादली यांची जागा कायमची असू द्या. दर वेळी सगळं बाहेर काढून मांडायचं आणि परत आत ठेवायचं असेल तर पावसाळ्यापर्यंतही हौस टिकत नाही. आणि गरज पडली तर बिनदिक्कत वेल्डिंग मशीन वापरा. जाळात सांधा जोडणं ही सुंदर विद्या आहे, पण खुरप्याची तुटलेली मान आज जोडायची असेल तर ती विद्या आज येणार नाही.

भंगार आणताना एकच गोष्ट कटाक्षाने टाळा: जस्ताचा मुलामा असलेलं लोखंड. जस्त ९०७ अंशांना उकळतं, म्हणजे भट्टीत त्याची वाफ होणारच, आणि तो पांढरा धूर छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. क्रोमचा मुलामाही तितकाच वाईट. बाकी नेहमीचंच: सुती कपडे, बंद बूट, डोळ्यांना चष्मा, कानात बोळे, भट्टीखाली उघडं काँक्रीट नको, कारण आतल्या ओलीची वाफ होऊन त्याचे टवके उडतात.

मुलांना जवळ येऊ द्यावं का, हेही तुम्ही विचारलं होतं. बघायला जरूर, पण जमिनीवर आखलेल्या रेषेच्या बाहेरून आणि चष्मा लावून. लाल लोखंडाला मूल हात लावत नाही, काळ्याला लावतं. साधारण ५०० अंशांच्या खाली लोखंड अंधारातही लाल दिसत नाही, म्हणजे अगदी काळं, निरुपद्रवी दिसणारं लोखंडही कातडी सोलून काढू शकतं. म्हणून निवलेल्या वस्तू ठेवायला एकच फळी ठरवा, तिच्यावर ठेवण्याआधी प्रत्येक वस्तू बादलीतून काढा किंवा पाण्याचा थेंब टाकून बघा, आणि मुलांना सांगून ठेवा की हात लावायचा तो फक्त त्या फळीवरच्या वस्तूंना. तेलात कडक केलेली छिन्नी मात्र घाईघाईने बादलीत घालू नका, ती थेंब टाकूनच तपासा.