बॉटनीत बी.एस्सी. झालंय, इंदूरला राहतो. घरचे बँकेच्या परीक्षेला बस म्हणतात. घाणेरी (लँटाना, जंगलात माजलेलं परदेशी झुडूप) काढून देशी जंगल परत आणण्याच्या कामात करिअर होतं का?

होतं. मीही इंदूरचाच, आणि माझं घर याच कामावर चालतं. घरचे बँकेच्या परीक्षेला बस म्हणतात असं तुम्ही लिहिलंय, त्यांची काळजी रास्त आहे. सुरुवातीला प्रकल्पावरच्याच नेमणुका मिळतात. निधी संपला की नेमणूकही संपते. हे घरी आधीच सांगून ठेवा.

घाणेरी वरून छाटली तर बुडातून जोमाने फुटते, जाळली तरी तेच. दिल्ली विद्यापीठाच्या सी. आर. बाबूंनी उत्तराखंडच्या कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात वापरलेली पद्धत शिकून घ्या: जमिनीच्या ३-५ सेंमी खाली कुदळीने मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. मजूर हे आपल्यापेक्षा लवकर शिकतात. तुमचं खरं काम त्यानंतरचं. बुलबुल तिची फळं खातात आणि बी आणून टाकतात, म्हणून पुढची २-३ वर्षं तरी पावसाळ्यानंतर त्याच जागी जाऊन रोपं उपटावी लागतात. उघड्या पडलेल्या जमिनीवर गवत धरलं नाही, तर घाणेरी नाहीतर गाजरगवत येऊन बसतं. बहुतेक कामं इथेच फसतात. किती हेक्टर साफ झालं एवढंच विचारतात. तिसऱ्या वर्षी तिथे काय उगवलंय, हे कोणी बघायला येत नाही. मला याचा फार राग येतो.

म्हणून गवतं शिका. बॉटनीवाले झाडं झटकन ओळखतात, पण तुरा नसलेलं गवत हातात दिलं की अडतात. मारवेल, पवन्या, कुसळी नुसत्या पात्यावरून ओळखता आली, बी कधी झाडायचं ते कळलं, तर लोक तुम्हाला शोधत येतील. याच पावसाळ्यात रालामंडलला जायला लागा. (अभयारण्य आहे, काही तोडू नका.) चिकाटी बघायची तर आपल्या इंदूरचाच सिरपूर तलाव बघा: भालू मोंढे आणि त्यांच्या सोबत्यांनी वर्षानुवर्षं लावून धरलं, तो २०२२ मध्ये रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय यादी) आला.

नोकरीसाठी जबलपूरची उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्था आणि तण संशोधन निदेशालय, दोघांच्या प्रकल्पांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. पक्कीच हवी असेल तर एमपीपीएससीची (मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाची) राज्य वनसेवा परीक्षा आहे, ती घरीही पटेल. मुलाखत कुठेही असो, एक विचारा: साफ केलेल्या जागेसाठी पुढच्या ३ वर्षांचे पैसे बाजूला ठेवलेत का? नसतील, तर दुसरीकडे बघा.