जिनिव्हाच्या अभ्यासदौऱ्याला निघण्याआधी

जागतिक व्यापार संघटनेत तुम्हाला बोलायला वेळ थोडाच मिळेल. तो ‘संघटना काय करते’ असल्या प्रश्नांत घालवू नकोस, ते आधीच वाचून जा. १९४७ चा गॅट करार (जकात आणि व्यापाराबाबतचा सर्वसाधारण करार), १ जानेवारी १९९५ ला संघटनेची स्थापना, एवढी ओळख पुरे.

खरा अभ्यास कर तो सर्वसहमतीचा. इथे एका सदस्याने हरकत घेतली तरी निर्णय अडतो. देशांमधल्या व्यापारी वादांच्या निकालांवरची अपिलं संघटनेचं अपील मंडळ ऐकतं. त्यावरच्या नेमणुका अमेरिकेने रोखून धरल्या आणि डिसेंबर २०१९ पासून मंडळाचं काम ठप्प झालं. आता हरलेला देश अपील करून निकाल लटकत ठेवू शकतो. व्यापार आणि मुत्सद्देगिरी एकमेकांत किती गुंतली आहेत, ते मला याच प्रकरणातून नीट कळलं.

याबद्दल तिथे जरूर विचार. फक्त ‘चूक कोणाची?’ असं नको. राजनैतिक अधिकारी त्यावर उघडपणे बोलणार नाहीत. ‘मंडळ बंद असताना देश वाद कसे मिटवतात?’ असं विचार. मग २०२० मध्ये काही सदस्यांनी उभारलेल्या हंगामी लवाद व्यवस्थेवर बोलणं निघेल, आणि तिथून पुढचे प्रश्न तुला आपोआप सुचतील.

टिपणं त्याच संध्याकाळी लिही. आणि पासपोर्ट रोज जवळ ठेव, प्रवेशद्वारावर ओळखपत्र तपासतात.