वाचकांचे प्रश्न : पोकरवर घर चालते का?

प्रश्न : माझा मुलगा 27 वर्षांचा असून हिंजवडीतील एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो. पूर्वी तो मोबाइलवर पोकर खेळत असे. ते बंद झाल्यापासून महिन्यातून दोनदा शनिवार-रविवारी गोव्याच्या कॅसिनोत जाऊन खेळतो. आठ महिन्यांत सव्वातीन लाख रुपये मिळवल्याचा हिशेब त्याने आम्हाला वहीत दाखवला आणि आता नोकरी सोडून हाच व्यवसाय करायचे म्हणतो. ‘हा जुगार नाही, कौशल्याचा खेळ आहे,’ असे त्याचे म्हणणे. आम्ही उभयता हवालदिल झालो आहोत. त्याला काय सांगावे?
– एक वडील, कोथरूड

उत्तर : कौशल्याबद्दल आपला मुलगा म्हणतो ते खरे आहे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्राटस’ या संगणकप्रणालीने जानेवारी 2017 मध्ये चार नामांकित व्यावसायिक खेळाडूंना निर्विवाद हरवले. निव्वळ नशिबाच्या खेळात असे घडत नाही. मात्र तो निकाल लागेपर्यंत 1,20,000 डाव खेळावे लागले, याकडे त्याचे लक्ष जरूर वेधावे.

मी स्वतः अनेक वर्षे ब्रिज खेळत आलो आहे. डुप्लिकेट ब्रिजमध्ये तीच पाने प्रत्येक टेबलावर फिरतात, त्यामुळे कोण किती पाण्यात आहे ते एका संध्याकाळी कळते. पोकरमध्ये ही सोय नाही. टेक्सास होल्डेम या सर्वाधिक प्रचलित प्रकारात पहिल्या दोन पानांत एक्क्यांची जोडी सरासरी 221 डावांतून एकदा येते आणि कॅसिनोच्या टेबलावर तासाला 25 ते 30 डाव होतात, म्हणजे आठ तास बसल्यावर एकदा. त्या वेळी समोरच्याकडे राजांची जोडी असली आणि दोघांनी सगळे पैसे पुढे सारले, तरी शंभरातून सुमारे अठरा वेळा राजेच जिंकतात. आपल्या मुलाने सोळा फेऱ्यांत, दर फेरीस पंधरा तास धरले तरी, साडेसहा हजारांच्या आसपास डाव खेळले असतील. एवढ्यावरून सव्वातीन लाख त्याच्या बुद्धीने मिळवले की पत्त्यांनी दिले, हे त्यालाही सांगता येणार नाही. जाणकार निदान पन्नास हजार ते लाखभर डावांचा हिशेब मागतात.

ऑनलाइन खेळात चार टेबले एकाच वेळी उघडून लाख डाव काही महिन्यांत पुरे होत. ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैशांचे सर्व ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंद केले. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही, पण कोणी मित्र परदेशी संकेतस्थळाची आडवाट सुचवत असेल, तर तिकडे फिरकू नये. तिथे पैसे अडकले की दाद मागायला जागा उरत नाही. प्रत्यक्ष टेबलावर लाख डाव खेळायचे, तर आठवड्याला चाळीस तास बसूनही पावणेदोन वर्षे लागतील. तोवर घरखर्च, प्रवास आणि प्रत्येक मोठ्या डावातून कॅसिनो कापून घेतो तो ‘रेक’, हे सारे चालूच राहणार.

कराचेही पाहावे. पत्त्यांच्या खेळातील जिंकलेल्या रकमेवर सरसकट 30 टक्के प्राप्तिकर आणि वर उपकर लागतो. त्यातून गोव्याचा प्रवास, हॉटेल असा कोणताही खर्च वजा होत नाही. वहीतील सव्वातीन लाखांत हा कर धरला आहे का, हे आधी विचारा. माझी शंका अशी की नसावा.

म्हणून माझे मत असे, की त्याने नोकरी न सोडता आणखी वर्षभर खेळावे; खेळाची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी आणि ती संपली की पगारातून त्यात भर घालू नये. हरलेल्या बैठका तो लपवू लागला किंवा त्याने उसने पैसे घेतल्याचे कळले, तर मात्र व्यवसायाची चर्चा थांबवून मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे.

प्रश्न : यशस्वी पोकरपटूंचे आयुष्य खरोखर इतके ऐषारामी असते का?
– एक विद्यार्थिनी, सदाशिव पेठ

उत्तर : ख्रिस मनीमेकर या अमेरिकन हिशेबनीसाने 2003 मध्ये ऑनलाइन पात्रता फेरीतून लास व्हेगासला होणाऱ्या पोकरच्या जागतिक मालिकेची मुख्य स्पर्धा गाठली आणि 25 लाख डॉलर जिंकले, तेव्हापासून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तेच चित्र असते. त्या स्पर्धेचे प्रवेशशुल्क 10,000 डॉलर आहे आणि भाग घेणाऱ्यांपैकी बहुतेक जण रिकाम्या हाताने परततात. म्हणून बरेच व्यावसायिक आपला हिस्सा आधीच विकतात : दुसऱ्याने शुल्क भरायचे आणि बक्षिसात वाटा घ्यायचा. एखाद्याने दहा लाख जिंकल्याची बातमी आपण वाचतो, तेव्हा त्यातले त्याच्या खिशात किती गेले हे बातमीत नसते. उरलेला दिवस कंटाळवाणा असतो. खेळलेले डाव संगणकावर पुन्हा मांडून तपासायचे, मग दहा-दहा तास बसून बहुतेक पाने टाकून द्यायची. सलग हरल्यावर डोके फिरून वेडेवाकडे खेळण्याला ‘टिल्ट’ म्हणतात. धंद्यातून बाहेर पडणारे पुष्कळजण त्यापायीच पडतात.

स्टू अंगरचे उदाहरण तर फारच दुःखद आहे. 1980, 1981 आणि 1997 अशी तीन वेळा मुख्य स्पर्धा जिंकलेला हा विलक्षण बुद्धीचा खेळाडू अमली पदार्थांच्या आणि इतर पैजांच्या नादाला लागला आणि 1998 मध्ये, वयाच्या अवघ्या 45 व्या वर्षी, लास व्हेगासच्या एका मोटेलमध्ये जवळजवळ कफल्लक अवस्थेत मरण पावला. पोकरमध्ये मिळवलेले त्याने पोकरबाहेर घालवले. उलट डॉयल ब्रन्सन 1976 आणि 1977 मध्ये तीच स्पर्धा जिंकला, म्हातारपणीही टेबलावर बसत राहिला आणि 2023 मध्ये 89 व्या वर्षी वारला.

प्रश्न : आम्ही कोजागरीच्या रात्री गच्चीवर तीन पत्ती खेळतो. पोकर म्हणजे तेच ना?
– एक गृहिणी, सहकारनगर

उत्तर : नाते आहे, पण लांबचे. तीन पत्तीत सगळी पाने झाकलेली असतात; होल्डेममध्ये पाच पाने टेबलावर उघडी पडतात आणि त्यांवरून समोरच्याच्या हाताचा अंदाज बांधता येतो. 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमीला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवताना तीन पानांच्या खेळाला मात्र नशिबाच्या खात्यात टाकले होते. मसाला दुधाबरोबर शेंगदाणे लावून खेळत असाल, तर खुशाल खेळा.