लाईट पुरतो का हे वॅटवरून ठरवू नकोस

अरे, खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये कोरल (जिवंत प्रवाळ) ठेवायचे तर लाईटच्या खोक्यावर वॅट बघून खूश होऊ नकोस, वॅट म्हणजे लाईट वीज किती खातो एवढंच, कोरलपर्यंत कामाचा उजेड किती पोचतो ते पीएआर मीटरच (प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी उजेड मोजणारं यंत्र) सांगतो. महाग असतो, विकत घेऊ नकोस, मी इथे न्यू जर्सीत एका मित्राकडून दोन दिवसांसाठी मागून आणला आणि डोळेच उघडले, खडकाच्या टोकावर मधोमध २४० पीएआर आणि कोपऱ्यातल्या वाळूवर जेमतेम ६०, टँक तोच, लाईट तोच. मोबाईलचं लक्स ॲप निळ्या एलईडीखाली हमखास गंडतं.

मश्रूम, झोआ, लेदर ही मऊ कोरल ५० ते १५० पीएआरमध्ये मजेत राहतात, दगडी कोरलमध्ये हॅमर-टॉर्चला साधारण १०० ते २००, ॲक्रोपोराला २०० ते ३५०, पण नवीन माणसाने ॲक्रोपोराच्या नादाला लागूच नये.

मीटर नसेल तर झोआ बघ, उजेड कमी पडला की माना लांब करून वर ताणतात. रंग तपकिरी झाला तर लाईट कमी असेल किंवा नायट्रेट जास्त, दोन्ही तपास. पांढरं पडायला लागलं तर उलट बहुतेक लाईट जास्त होतोय, माझं एक हॅमर असंच गेलं कारण पहिल्याच दिवशी मी लाईट फुल्ल केला, म्हणून ४० टक्क्यांपासून सुरू कर आणि तीन-चार आठवड्यांत हळूहळू वाढव. आणि वरच्या काचेवरचं मीठ पुसत जा रे, तेही उजेड खातं.

(भारतातल्यांनो, दगडी कोरल तिकडे वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत, दुकानदार देतो म्हणाला तरी घेऊ नका.)