लायका खरंच बुडायला आली होती का?

प्रश्न: एवढी नावाजलेली जर्मन कॅमेरा कंपनी, मग डिजिटलमधे मागे का पडली?

उत्तर: हो, २००५ मधे बँकांनी हात आखडता घेतला, मग गुंतवणूकदार आंद्रेयास काउफमान यांनी पैसा ओतला म्हणून वाचली. पण डिजिटलमधे मागे पडण्यामागे नुसता फिल्मचा हट्ट नव्हता हां! लायकाच्या एम मालिकेतल्या कॅमेऱ्यात लेन्स फिल्मच्या अगदी जवळ असते, त्यामुळे कोपऱ्यात प्रकाश तिरका पडतो, फिल्मला चालतं पण सेन्सरला (डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी असलेली चिप) नाही. म्हणून २००६ च्या एम८ मधे सेन्सरवरची काच पातळ ठेवली, तर इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) आत शिरायला लागला आणि काळे सिंथेटिक कपडे चक्क जांभळे दिसायला लागले, शेवटी कंपनीने तो अडवणारे लेन्सवर लावायचे फिल्टर फुकट वाटले (एवढ्या महागड्या कॅमेऱ्याला!). फुल फ्रेम (म्हणजे फिल्मच्या चौकटीएवढा मोठा सेन्सर असलेला) एम९ यायला २००९ उजाडलं.