शिकणाऱ्या पोरांना नोकरीपेक्षा स्वतःचा धंदा काढावासा कशानं वाटतं?

तुम्ही विचारलंय भाषणांनी वाटतं की पैशांनी. मी बेळगावला उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत छोटं मशीन शॉप चालवतो, डिप्लोमाची, आयटीआयची पोरं ट्रेनिंगला येतात, त्यांच्याकडं बघून सांगतो. भाषणांनी तर नाहीच.

रेट कळला की पोरगा हलतो. म्हणजे कसं, फौंड्रीतनं कास्टिंग, म्हणजे धातूचा ओतीव भाग, येतं, आपण टर्निंग ड्रिलिंग, म्हणजे मशीनवर कापून भोकं पाडून परत द्यायचं, नगावर पैसे. नवीन पोरगं आधी नुसतं इन्सर्ट, म्हणजे कापायच्या टूलचं टोक बदलायला, गेज लावून माप तपासायला शिकतं, मग कधीतरी बिल घेऊन पाठवलं की त्यावरचा नगाचा रेट दिसतो आणि तिथंच हिशेब सुरू, एका शिफ्टला इतके नग, गुणिले इतके रुपये, आणि मला पगार किती! त्यातनं वीजबिल, टूल, रिजेक्शन, मशीनचा हप्ता वजा करायचं त्याला सुचत नाही ती गोष्ट वेगळी, पण डोक्यात किडा शिरतो तो तिथंच.

दुसरं, जवळचं कोणतरी करताना दिसलं पाहिजे. मामाचं शेड, शेजाऱ्याचा लेथ. किर्लोस्करांचं नाव सगळे घेतात, 1888 ला बेळगावातच सायकलच्या दुकानापासून सुरुवात, खरंय, पण पोराला गल्लीतला दादा जास्त पटतो, कारण त्याची उधारी पण माहीत असते.

ढकलणाऱ्या गोष्टी पण आहेतच की. मराठी माध्यमातनं शिकलेल्याला कर्नाटकच्या सरकारी भरतीत कन्नडचा पेपर अडतो, मग उरतं पुणे नाहीतर गोवा. घर, शेती सोडवत नसेल तर इथंच काहीतरी बघावं लागतं. पण नुसता नोकरी नाही म्हणून आलेला बाहेरनं कॉल आला की जातो, हे बघितलंय.

लोन? लोनमुळं कोण धंद्यात येत नाही, आधीच ठरवलेल्याला त्याचा उपयोग. सरकारची मुद्रा कर्ज योजना 2015 पासून आहे, तारण लागत नाही, पण त्यातल्या सगळ्यात छोट्या शिशु कर्जाची मर्यादा 50 हजार, त्यात सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीन, कुठली यायला. आणि पहिली ऑर्डर कोण देणार ते ठरलं नसेल तर हप्ता सुरू आणि मशीन बंद. कायद्यानं छोट्या कारखान्याचं पेमेंट 45 दिवसांत यायला पाहिजे, येतं कधी ते आम्हालाच माहीत. म्हणून धंदा काढतो म्हणणाऱ्याला मी आधी वसुलीला पाठवतो, चार हेलपाटे घालून पण जो चिडत नाही त्यालाच मग कोटेशन काढायला शिकवतो.